सोयऱ्यांचं रक्त

प्रिय सारजे,

हे पत्र वच्छलाबाईंच्या हाती पाठवते आहे. आमच्या शेजारच्या त्या. त्यांची लेक तुमच्या लासूर स्टेशनला दिलेली आहे, तिच्याकडं जाताना तुझ्या हातात देतील. त्यांना वाचता येत नाही आणि चोंबडेपणाही करता येत नाही. सगळ्या बजाजनगरात असं दुसरं माणूस सापडायचं नाही. फोनवर हे बोलण्यासारखं नव्हतं. तुझ्या फोनमागं आईचा कान असतो, माझ्या फोनमागं आत्याचा, आणि दोघींनाही वाटतं की आपण काही ऐकत नाही. म्हणून कागद घेऊन बसले. बारावीनंतर इतकं सलग काही लिहिलेलं नाही. चुका निघाल्या तर मनातल्या मनात हस. कृषी पदवीधर झालीस तरी माझ्याहून धाकटीच आहेस.

दिवाळीत तुझं रक्त घेतलं होतं, त्याचा निकाल आला. पुण्याच्या डॉक्टर मॅडमचा फोन माझ्याकडं आला, कारण तू नंबर माझा दिला होतास आणि ताईला सांगितलं तरी चालेल असं म्हणाली होतीस. मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. ना आत्याला, ना बद्रीनाथला. (नवऱ्याचं नाव लिहिलं म्हणून दात काढू नकोस. लहानपणी आत्याच्या गावी गेलो की त्याला अरे-तुरे करूनच चिंचा पाडायला लावत होते, ते कसं विसरू?) येत्या रविवारी आप्पा आणि आई इथं येणार. निकाल चांगला असला तर तुझी आणि रामकिसनची सुपारी फुटणार, वाईट असला तर विषय बंद, असं दोन्ही घरांनी ठरवून टाकलं आहे. सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा होणार म्हणून आई आतापासूनच साड्या बघते आहे. निकाल काय ते मी शेवटी लिहिते. तुला ताटकळत ठेवायची मला हौस नाही, पण तो आधी वाचलास तर पुढचं काही तू धड वाचणार नाहीस.

तुझ्या भाचीचं, गोदाचं सांगते. ती आत्ता झोपली आहे. तिचं जेवण नुकतंच आटोपलं. वाटीभर वरणभात चमच्या-चमच्यानं पोटात जाईपर्यंत माझा स्वतःचा भात गार होऊन ताटाला चिकटतो, आता मी तो तसाच खायला शिकले आहे. थंडी पडल्यापासून पायाची बोटं पुन्हा लालजांभळी झाली आहेत, कानाच्या पाळ्यांवरही चट्टे उठलेत. मोजे घालते, ती पायावर पाय घासून काढून टाकते, मी पुन्हा घालते. सहा वर्षांची झाली, अंगानं लांब झाली आणि उचलायला जड झाली. पाय काठीसारखे ताठ, कडेवर घ्यायचं तर एक हात मानेखाली ठेवावाच लागतो. पण कळतं सगळं. खाली रामकिसनच्या गाडीचा आवाज आला की आधी तिला कळतं, मग मला. प्रवाशांना वेरूळ-अजिंठा दाखवून तो परत आला की बद्रीनाथला तिला मांडीवर घेऊन बसायला लावतो आणि रिकाम्या गाडीतून एक चक्कर मारून आणतो. चालत्या गाडीत तिचं अंग सैल पडतं आणि ती हसते. तेवढ्यात मी माझ्या खांद्याला बाम लावून घेते.

मी थकले आहे, सारजे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं लपवत बसायला नको. शहरात पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, बद्रीनाथची कंपनीतली पाळी बदलत राहते, आत्याचे गुडघे गेलेले. रडू येत नाही, रागही फारसा येत नाही. सकाळी उठल्यावर पहिला विचार येतो तो परत आडवं कधी व्हायचं हा.

तुला आठवतं का, गोदा पहिल्यांदा तुमच्याकडं आली तेव्हा ओसरीवर रांगत रांगत थेट कोंबडीच्या खुराड्यापाशी गेली होती? बसायची, टाळ्या वाजवायची, आत्याला "आत्ती" म्हणायची. मी तिला आजी म्हणायला शिकवत होते आणि ती माझं ऐकून आत्ती म्हणत होती. त्यानंतर ताप सुरू झाला. ताप आणि रडणं. कशानंही न थांबणारं रडणं. अंगावर घेतलं तरी रडायची, खाली ठेवलं तरी रडायची. थोड्याच आठवड्यांत बसणं गेलं, टाळ्या गेल्या, आत्ती गेलं. आम्ही तिला एका मोठ्या खासगी दवाखान्यात नेलं. त्याचं नाव काढायचं कारण नाही, त्यांनी त्यांच्या परीनं केलं. तिथला तरुण डॉक्टर कुठल्या तरी लांबच्या मुलखातला होता. हिंदीत विचारायचा. त्यानं विचारलं, शादी रिश्ते में हुई है क्या, खून का रिश्ता है? मी तोंड उघडायच्या आत आत्यानं ठणकावून सांगितलं, "नै जी साब. खून में कोन बेटी देता? भाऊबंद अलग, सोयरे अलग. ये तो हमारे सोयरे." डॉक्टरनं मान डोलावली आणि नातं नाही असं लिहून घेतलं.

मीही तिथंच होते. बद्रीनाथही होता. आम्हाला दोघांनाही त्या उत्तरात काही वावगं दिसलं नाही. खरं सांगायचं तर आजही मला थांबून विचार करावा लागतो. आपल्यात रक्ताचं म्हणजे भावकीचं. ज्यांचं देवक एक, ज्यांचं सुतक आपल्याला पुरतं लागतं, ते रक्ताचे. आत्या लग्न होऊन गेली की तिचं घर सोयऱ्याचं. तिच्या मुलाला मामाची मुलगी द्यायची ही तर हक्काची सोयरीक, त्यात रक्त कुठून आलं? आपल्या शेजारच्या दहा घरांत विचार, दहाही घरं हेच सांगतील. आत्या खोटं बोलली नव्हती. तिला विचारलं एक आणि तिनं सांगितलं दुसरं, आणि दोघांनाही वाटलं की आपल्याला कळलं.

मग जे काही झालं ते जंतू शोधण्यात गेलं. मेंदूच्या फोटोत चुन्यासारखे पांढरे ठिपके होते. पोटात असताना आईला काही संसर्ग झाला असेल, असं ठरलं. दर तापाला सलाइन, दर तापाला नवं औषध, दर वेळी रक्तात जंतू सापडत नाहीत म्हणून पुन्हा तपासणी. गरोदरपणात मी कुठं गेले होते, काय खाल्लं होतं, कुणाच्या मांजराला हात लावला होता, हे मला इतक्या लोकांनी विचारलं की मलाच वाटायला लागलं, आपण कुठंतरी काहीतरी लावून घेतलंच असणार. आईसुद्धा एकदा म्हणाली, "तू लई हिंडत व्हतीस गं तवा." तिचा हेतू वाईट नव्हता. पण तो शब्द अंगात काट्यासारखा राहिला. कितीतरी वर्षं मी स्वतःला त्या प्रश्नाचं उत्तर देत होते.

पुण्याच्या मॅडम महिन्यातून एकदा इथं येतात, त्यांच्याकडं आम्ही गेलो ते असेच, कुणीतरी सांगितलं म्हणून. त्यांनीही रक्ताच्या नात्यातलं लग्न आहे का विचारलं आणि मीही सवयीनं नाही म्हटलं. त्या गोदाचे पाय बघत होत्या. मी मागं वळून म्हटलं, आत्या, तो पंचा द्या जरा. मॅडमनी लिहिता लिहिता विचारलं, सासूबाईंना आत्या म्हणता? मी हो म्हटलं. त्या पुढं लिहू लागल्या, कारण अर्धा महाराष्ट्र सासूला आत्याबाई म्हणतो, त्यात काय विशेष. आणि मग त्यांनी मान वर केली. म्हणाल्या, नुसतं म्हणायला आत्या, की वडिलांची बहीण? मी म्हटलं, वडिलांची सख्खी बहीण. त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. पंचा आत्याच्या हातातून स्वतः घेतला, गोदाच्या पायाखाली घातला आणि मग हळू आवाजात सगळं पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली.

त्या आजाराचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. पण तो काय आहे ते मॅडमनी मला दोन वेळा समजावलं, तुझ्यासारखी शिकलेली नसले तरी मला ते कळलं. माझ्या शब्दांत सांगते, चुकलं तर दुरुस्त कर. एका पेशीच्या दोन पेशी व्हायच्या तर आतल्या डीएनएच्या दुहेरी पिळाची नक्कल काढावी लागते. तो पीळ ज्या सुट्या तुकड्यांचा बनतो त्यांच्यासारखेच दुसरे तुकडे आरएनएचे असतात. दिसायला जवळजवळ जुळे. आरएनएच्या तुकड्याला एक ऑक्सिजन जास्त, एवढाच फरक. पेशीत त्यांचा साठा मोठा असतो, म्हणून नक्कल काढताना त्यातले काही चुकून डीएनएत बसतात. सगळ्यांच्याच बसतात, तुझ्या-माझ्याही, लाखोंनी. मला हे आप्पांच्या दोरावरून समजलं. आप्पा अंबाडीच्या वाखाचं चऱ्हाट वळायचे तेव्हा मी टोक धरून बसायचे आणि तू वाखात लोळायचीस. वाखात सालीचा एखादा ताठ तुकडा राहून गेला की तिथं पीळ नीट बसायचा नाही, दोर किंचित वाकायचा, आणि पुढं पाणी लागून तुटायचा तर तिथंच. आप्पा बोटांनी चाचपून तो तुकडा उपटून काढायचे आणि पुन्हा वळायचे. तसंच आहे म्हणे हे. तो एक जादा ऑक्सिजन त्या जागी पिळाचा आकार बदलतो आणि तिथं तो कच्चा होतो.

आणि शरीरातही चाचपणारं बोट असतं. एक प्रथिन असतं, ते असा उपरा तुकडा हेरतं आणि कापून काढतं. गोदाचं ते प्रथिन लुळं आहे. त्यामुळं तुकडे राहून जातात, पीळ ठिकठिकाणी तुटतो, आणि ती मोडतोड पाहून शरीराच्या पहारेकऱ्यांना वाटतं की बाहेरचा विषाणू घरात घुसला. मग ताप येतो, मग बोटं लाल होतात, मग मेंदूवर हल्ला होतो. जंतू कधी नव्हतेच. माझं हिंडणं नव्हतं, मांजर नव्हतं. मॅडम म्हणाल्या, आपल्याच घरातल्याला शरीरानं परकं समजलं. मी आत्याकडं बघितलं नाही. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत पदर तोंडाला लावून बसली होती. आता जी गोळी चालू आहे तिनं ताप कमी झाले आहेत. गेलेलं परत येणार नाही, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं. खोटा धीर दिला नाही, म्हणून मला त्या आवडतात.

पुढचं तुला माहीत आहे. प्रत्येकाकडं त्या प्रथिनाच्या सूचनेच्या दोन प्रती असतात, एक चांगली असली तरी भागतं. माझी एक बिघडलेली, बद्रीनाथची एक बिघडलेली, आणि गोदाच्या वाट्याला नेमक्या दोन्ही बिघडलेल्या आल्या. आप्पा आणि आत्या ही एका आईची लेकरं, त्यांच्याकडून ती बिघडलेली प्रत आमच्यापर्यंत आली. जिचं नाव तुला ठेवलं त्या सारजाबाई आजीचं लग्न पोलीस ॲक्शननंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात झालं. रझाकारांच्या धामधुमीतून लोक नुकते सावरत होते, अनोळखी घरात पोर द्यायची कुणाची छाती नव्हती, म्हणून तिलाही आत्याच्याच घरात दिली. ओळखीच्या घरात दिलेली पोर सुखात राहते, एवढाच त्यांचा हिशेब. तो चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. आजी सुखातच राहिली. मॅडमकडून घरी आल्याला बरेच दिवस झाले होते. एका दुपारी गोदाच्या पायांना तेल लावता लावता आत्या एकदम म्हणाली, "माझा धाकला भाऊ, बाळू, बी असाच रडत व्हता गं. सटवाईनं नेला म्हणले." तिचा हात मात्र थांबला नाही, ती तेल लावतच राहिली.

तुला वाटेल की एवढं झाल्यावर आत्या तुझ्या लग्नाचा विषय सोडून देईल. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. रामकिसनचं रक्त तपासलं तेव्हा त्याचीही एक प्रत बिघडलेली निघाली. तुझ्यातही ती असली तर तुमच्या प्रत्येक लेकराला चारातली एक भीती, असं मॅडमनी आत्याला समोर बसवून सांगितलं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तपासा पोरीचं बी. चांगलं निघालं तर देऊ बार उडवून." आणि दिवाळीत प्रत्यक्ष सुई समोर आल्यावर तीच आत्या मागं सरली. "कुवार पोरीचं रक्त कशापायी? उद्या कुनी इचारलं तर काय सांगायचं?" तू बाही वर करून म्हणालीस, "माझ्या हातातलं हाय, मी देती." मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटला होता. सांगायचं राहून गेलं.

आत्याला वाईट समजू नकोस. तिच्या मनात काय आहे ते तिनं मला एकदा बोलून दाखवलं. "भायेरची पोरगी आली तर गोदीला हात लावंल का? नाक मुरडंल. सारजी लावंल." तिला सून नको आहे, तिला गोदासाठी दोन हात हवे आहेत, ती गेल्यावरही राहतील असे. तिचे स्वतःचे हात आता वाटी धरतानाही थरथरतात. रामकिसन तर त्याहून साधा. गेल्या आठवड्यात गाडी धुता धुता मला म्हणाला, "वहिनी, समदे रिपोर्ट रिपोर्ट करतेत. तिला कुनी इचारलं का?" त्याला तू आवडतेस, हे उघड आहे. पण तो ते तुझ्यापाशी कधी बोलणार नाही. हो म्हणायची तुझ्यावर सक्ती होईल, असं त्याला वाटतं.

मी काही साधू नाही, हेही लिहून ठेवते. तू या घरात आलीस तर काय काय होईल याची चित्रं मी महिनोन्‌महिने रंगवली आहेत. तू गोदाला भरवते आहेस आणि मी दार लावून डोक्यावरून निवांत पाणी घेते आहे. आपण दोघी तिला दोन बाजूंनी धरून गच्चीवर उन्हात नेतो आहोत. व्यायामाच्या केंद्रात तू तिला घेऊन गेली आहेस आणि मी दुपारी झोपले आहे. फक्त झोपले आहे. बाकीच्या बायका काय काय स्वप्नं बघत असतील, मी झोपेची बघते. दिवाळीत तू चार दिवस राहिलीस तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की घरात आणखी एक माणूस असलं की पाठ किती हलकी होते. तू निघालीस त्या दिवशी बस स्थानकावरून परत येताना मी रिक्षात रडले होते. रिक्षावाल्यानं आरसा फिरवून घेतला बिचाऱ्यानं.

पण त्याच दिवाळीत मी आणखी एक पाहिलं. तू गोदाच्या पायाला तेल लावत होतीस आणि तिला तुरीवरच्या मर रोगाचं सांगत होतीस. सहा वर्षांच्या पोरीला, जिला धड मान सावरता येत नाही, तिला तू सांगत होतीस की बुरशी मुळातून कशी शिरते, उभं झाड आतून कसं वाळतं, आणि कुठलं वाण तिला दाद देत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात पुढं शिकायला गेलीस की कुणाच्या हाताखाली काम करणार आहेस तेही तिला सांगितलंस. तुझे हात तेलानं माखलेले आणि तू हातवारे करत होतीस. गोदा टक लावून बघत होती. मी चहा घेऊन दारात उभी होते, तुला दिसले नाही. लासूरला आपल्या घरात इतक्या आवडीनं बोलणारं माणूस मी आजवर बघितलेलं नाही. त्यानंतर चारच दिवसांनी तू आईला हो म्हणालीस आणि परभणीचा प्रवेश सोडून देते म्हणालीस. आईनं मला हे फोनवर मोठ्या कौतुकानं सांगितलं. "पोरगी लई गुनाची गं आपली. म्हनली, ताई एकली मरती तिथं, मी गेले तर तिला जरा पाठ टेकाया मिळंल." आई हसत होती. मी फोन ठेवला आणि गोदाचे मोजे धुवायला घेतले, धुतलेलेच पुन्हा धुतले.

आता निकाल सांगते. तुझं रक्त चांगलं आहे. तुझ्या दोन्ही प्रती धड आहेत. रामकिसनशी लग्न केलंस तरी तुमच्या लेकरांना हा आजार होणार नाही, मॅडमनी मला दोनदा खात्रीनं सांगितलं. फोन ठेवल्यावर मला अतोनात आनंद झाला, आणि तो तुझ्यासाठी नव्हता. तू येणार म्हणून झाला. मग ओट्याला टेकून उभी राहिले तेव्हा माझ्या लक्षात आलं की निकाल वाईट आला असता तर तू सुटली असतीस. तुझ्या वतीनं रक्तानंच नाही म्हटलं असतं, कुणाला राग आला नसता, आणि तू परभणीची गाडी पकडली असतीस. आता ते तुला तोंडानं म्हणावं लागेल, आणि माझ्यासमोर तू ते कधीच म्हणणार नाहीस. म्हणून हे पत्र. रामकिसन तुला आवडत असेल तर ये, मी माप ओलांडायला दारात ठेवून उभी राहीन. पण माझ्यासाठी येणार असशील तर येऊ नकोस. रविवारी निकाल चांगला आला हे मी सगळ्यांना खरं सांगीन, आणि तुला परभणीला जायचं असलं तर आप्पा सुपारीला हात घालायच्या आत म्हणेन की मला सख्खी बहीण जाऊ म्हणून नको. कारण विचारतील, मी सांगणार नाही. आत्या चिडेल, आई रडेल, बहिणीचं सुख बघवेना म्हणतील. म्हणू दे. तू तिथं अवाक्षर काढायचं नाहीस, तुला त्यात ओढायचं नाही म्हणूनच मी ते बोलणार. शनिवारपर्यंत मला फोन कर. आई शेजारी असली तरी चालेल. जायचं असेल तर फक्त विचार, ताई, परभणीला थंडी किती असते गं? आईला त्यात काही कळायचं नाही. दुसरं काहीही विचारलंस, तर मी रविवारची पुरणपोळीची डाळ भिजत घालीन. मी फोन जवळ घेऊन बसेन. तू काय विचारावंस असं मला वाटतं, ते मात्र माझ्याकडून वदवून घेऊ नकोस, खरं उत्तर देण्याइतकं त्राण माझ्यात आज नाही.

तुझी ताईच,
आशा